अर्धं ठेवलेलं सूप

दुपारी तीन वाजल्यापासून मी माझ्या नातीला सांगतेय, "दोन मिनिटं बाजूला ये, बोलायचंय." ती म्हणाली, "आजी, नंतर." चार वाजता पुन्हा नंतर. साडेचारला माझ्या हातात हा फुलांचा गुच्छ कोंबला आणि म्हणाली, नंतर. आता तिचे फोटो काढून झाले, अंगावर शाल पडली, आणि माईक तुम्ही माझ्या हातात दिलात. तेव्हा जे बाजूला बोलायचं होतं ते इथंच बोलते. माझा इलाज नाही.

हं. तर हिच्या आजच्या निरोप समारंभाच्या सन्माननीय अध्यक्ष प्राचार्यबाई, आमचे संपादकसाहेब, व्यासपीठावरची इतर मोठी माणसं, आणि मागच्या पडद्याआडून येणाऱ्या वासाकडे अर्धं लक्ष असलेली समोरची मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार. मला चिठ्ठी दिलीय, 'लहानपणीच्या गोड आठवणी, तीन मिनिटं.' शाळा माझी चौथीतच सुटली, पण घड्याळ कळतं.

गोड आठवण एकच सांगते. सहा वर्षांची असताना हिनं दुधाचा पेला परत केला. का, तर म्हणे, "यात काल कॉफी होती." पेला घासलेला, पुसलेला. हिची आई तापली. चौकशी केली तर खरंच होती कॉफी! असलं नाक घेऊन ही तुमच्या वर्तमानपत्रात आली आणि अकरा वर्षं हॉटेलांवर लिहीत राहिली. खोट्या नावानं टेबल सांगायची. वही बाहेर काढायची नाही, आवडलं तरी मान डोलवायची नाही. आणि लिहायची अशी, की जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा भूक लागावी. त्यात माझा काडीचा वाटा नाही.

माझा वाटा पुढचा आहे. दोन वर्षांपूर्वी हिला ताप आला. ताप गेला, तो जाताना हिचा वास घेऊन गेला. खारट-गोड तेवढं कळतं, बाकी सगळा कापूस.

डोळे वटारू नकोस, बाळ. चष्मा लावलाय मी, दिसतंय.

डॉक्टर म्हणतात, वास परत येईल. केव्हा विचारलं, की ते पुढच्या पेशंटला हाक मारतात. तोवर दर आठवड्याचा लेख कुणी लिहायचा? मग ही मला बरोबर न्यायला लागली. म्हाताऱ्या आजीला जेवायला घेऊन आलेल्या पोरीचा कोण संशय घेतो? टेबलाखाली हिच्या पायावर माझा पाय. एकदा दाबला की उत्तम, दोनदा दाबला की बेताचं, आणि टाच रोवली की बिघडलंय. बाकीचं घरी येऊन सांगायचे. लिहिणं हिचं, जीभ माझी. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर मजा वाटली. या वयात कोण विचारतं आम्हाला, मीठ कसं झालंय म्हणून?

गेल्या वर्षी एका कोपऱ्यावरच्या सहा टेबलांच्या हॉटेलात गेलो. मालक स्वतःच आचारी. सुपाचा पहिला घोट घेतला आणि मी टाच रोवली. धातूची चव, चमचा चाटल्यासारखी. हिनं लिहिलं, 'इथं सूप नव्हे, पातेलं वाढतात.' लोक हसले. मीही हसले. तीन महिन्यांत हॉटेल बंद झालं.

आज ही आवरत होती म्हणून मी तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसले. तिथल्या आचाऱ्यानं मला सूप आणून दिलं आणि उभाच राहिला. म्हणाला, "आजी, तुम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसला होतात. सूप अर्धं ठेवलं होतंत. काय कमी होतं?"

तोच तो, सहा टेबलांचा मालक. लेखानंतर त्यानं आधी पातेली बदलली. मग पाणी बदललं. मग पुन्हा पातेली. शेवटी, म्हणाला, स्वतःच्या जिभेवरचाच विश्वास उडाला, म्हणून शटर ओढलं. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी सूप तोंडात घेतलं. तीच धातूची चव. वर पाणी प्यायले, त्यालाही तीच. पिशवीतलं माझं घरचं बिस्किट खाल्लं, त्यालाही! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या परवापासून पुन्हा सुरू झाल्यात, त्याच गेल्या वर्षी पंधरा दिवस घेतल्या होत्या. हॉटेलात गेलो ते त्याच पंधरा दिवसांत. औषधवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "होतं असं काहींना. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. म्हणून तर तीन वाजल्यापासून हिच्या मागे लागलेय.

आणि ते काही एकट्या आचाऱ्यासाठी नाही. प्राचार्यबाई, पुढच्या महिन्यापासून ही तुमच्या कॉलेजात पोरांना चव शिकवायला येणार. हे ऐकून तुम्ही हिला नको म्हणाल? म्हणालही. पण तिथं पोरं पातेलं पुढे करून विचारतील, 'बाई, कसं झालंय?' तेव्हा टेबलाखाली मी नसेन.

हिचा शेवटचा लेख अजून छापायला गेलेला नाही. सकाळी मला वाचून दाखवला. शेवटी माझे आभार मानलेत, चांगल्या चार ओळी. त्या खोड, बाळ, आणि तिथं त्या सुपाबद्दल खरं काय ते लिही. टाच माझी होती, पण खाली नाव तुझं होतं.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. हिच्यावर नका काढू, माझ्यावर काढा.

पडद्यामागचे आचारी, झारा ठेवा आणि जरा बाहेर या. या, या, इथं उजेडात उभे राहा. मघाशी मला जे विचारलंत, ते आता हिला विचारा. संपादकसाहेब, माईकला हात लावू नका. प्राचार्यबाई, तुमचं बोलणं नंतर. उत्तर हिनंच द्यायचं. आणि माझ्याकडे बघून नाही, बाळ. त्यांच्याकडे बघून.