बुश पुन्हा गेलं!

...पुन्हा गेलं! हसू नका, तुम्हाला सांगतो, बुश पुन्हा गेलं! बुश म्हणजे म्हाईत हे ना? चाक धरणारा जो लोखंडी आर्म असतो, तो गाडीला जिथं बोल्टानं जोडलेला असतो तिथलं रबर हो, मुठीत मावंल एवढं. पर ते फाटलं की स्टेअरिंग आपल्या हातात आन् चाक त्याच्या मर्जीनं! आन् माझी बायको अंजू, तिला नववा लागलेला, दवाखाना पार जालन्याला, आन् आमच्या आष्टीपासून रस्ता असा की... आन् गाडी काय म्हणती? कुईं... खटक!

अंजूला म्हणलं, "बस, काही होत न्हाई." ती पोटावर हात ठेवून म्हणली, "मंग तुमचं तोंड कामून पांढरं पडलं?" आता काय सांगावं! मला सपान पडायचं, परतूरच्या अलीकडं चाक निघून आमच्याच पुढं पळून राह्यलंय, आन् अंजू म्हणती, थांबवा त्याला!

जालन्यातच, मस्तगडात, आमचे कमरोद्दीन मिस्त्री. त्यांनी नवं बुश टाकलं की गाडी लोण्यावाणी. अन् थोडे दिवस जात न्हाईत तर... कुईं... खटक! पहिल्यांदा म्हणले, "रस्ते खराब है, भाऊ." पुढल्या खेपेला म्हणले, चाकं लटकती ठेवून बोल्ट आवळला तर रबर पिळून फाटतं, म्हणून गाडी जमिनीवर उभी करून बराबर आवळले. कुईं... खटक! मंग आर्म सोडून फरशीवर ठेवला, वाकला तर न्हाई? बिलकुल सरळ! आता मिस्त्रीच घाबरले! "लोगां बोलरे, कमरोद्दीन का काम कच्चा. मेरेकू नींद नै आरी, बिभीषणभाऊ!" म्हणलं, मला काय येऊन राह्यली का?

शेवटी त्यांनी जुनं बुश हातात घेतलं. फुगलेलं, चिकट, चहात बुडवलेल्या पावावाणी! वास घेतला. "इसमें तेल कहाँ से आया?" इंजिन कोरडं, कुठं गळती न्हाई. "गाडी खडी कहाँ रहती?" "घरी." "घर दिखाओ!"

त्यांची पोरगी इरम आष्टीलाच दिलेली. तिच्याकडं आल्ते, तसेच सकाळी आमच्या दारात. आन् बघतो तर काय... गाडीखालून दोन पाय बाहेर! धोतर! आमचे आबा! धुळाजी, माझे वडील हो, सगळा जल्म मेंढरात आन् बैलगाडीत गेला, ते उताणे पडून जळक्या ऑइलनं आर्म चोपडून राह्यले, आन् गाडीशी बोलून राह्यले, "कुरकुरू नको गं माय, सूनबाईला न्यायचंय तुला..."

मिस्त्री उकिडवे बसले. "बाबा, ये क्या कररे?"

"चाक वरडलं की तेल मागतंय. बैलगाडीला न्हाई का घालत? पोरीला वाटंत दगा नको. रोज घालतो."

रोज!! आम्ही रस्त्याला शिव्या दिल्या, बोल्टाला दिल्या, रबर बनवणाऱ्याला दिल्या... आन् हे रोज!

मिस्त्री हळूच म्हणले, "बाबा, लोखंडाला तेल म्हणजे खुराक, रबराला जहर. पिता, फुगता, फट जाता." आबांनी डबा बाजूला सरकवला. दुपारी जेवले बी न्हाईत. माझा राग कुठल्या कुठं गेला हो... मला वाटत होतं, ह्या घरात मी एकलाच भेऊन राह्यलोय.

मिस्त्रींनी नवं बुश टाकलं. आन् अंजूला कळा सुरू झाल्या! निघालो, जल्दी, सगळे खड्डे चुकवत... आन् गाडी गप! खटक न्हाई, कुईं न्हाई! मला घाम फुटला! आवाज कामून येईना? तुटलंच की काय? म्हणलं, "अंजू, तुला काही ऐकू येतंय का?"

"मी वरडून राह्यले ते ऐका आधी!"

पोचलो. पोरगी झाली. माय-लेक दोघी ठणठणीत.

आता गाडी बी चांगली. पर तुम्हाला सांगतो, परवा चहाच्या हॉटेलात गेल्तो. आबा मधोमध बसलेले, भोवती गाड्यावाले सगळे, आन् आबा सांगून राह्यले, "रबराला तेल म्हणजे जहर! आमच्या बिभीषणाला कुठं कळतंय? रोज चोपडायचा! मीच बंद करायला लावलं त्याला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. म्हणलं, "व्हय आबा. तुम्ही होते म्हणून!"