तोच मुखवटा, तोच कोयता

गाठीचा रिपोर्ट ऐकायला आलेली प्रमोदिनी गारखेड्याच्या दवाखान्यात सकाळपासून ताटकळली होती. शेजारच्या बाकड्यावर मेंढरं राखून म्हातारी झालेली बानाबाई नात अंबिकेसोबत तिच्या मोबाइलवर पिक्चर बघत होती.

"आज्जे, पाचवा भाग हाय. तोच मुखवटा, तोच कोयता."

"मंग बरंय. नवं भ्याव आता सोसत नाय."

"ती बघ, एकटीच तळघरात निघाली."

"मेली! कळपातून फुटलेलं मेंढरू लांडगा सोडत नसतोय."

"समदं ठाऊक हाय, तर बघतीस कशाला?"

"शेवटाला एक पोरगी वाचती ना गं. तिच्यासाठी."

"प्रमोदिनीताई, डॉक्टरांनी आत बोलावलंय," सिस्टर म्हणाली. "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"बंद कर गं ते." बानाबाई काठी टेकत उठली. "चल बाई, मी येते."