मागे बसणारी

काका : सोडलास. परत एकदम सोडलास. क्लच म्हणजे काय विजेचं बटण आहे?

मुलगी : हळूच सोडत होते, काका.

काका : अर्ध्यापर्यंत हळू. मग गाडी हलली म्हणून दचकलीस आणि पंजा उघडलास. मागचं पोतं बघ कुठे सरकलंय.

आई : पोत्याच्या जागी मी असते तर एव्हाना मातीत असते, एवढं कळलं मला.

काका : वहिनी, तुम्ही खुर्ची जरा मागे घ्या. धूळ उडते. खरं म्हणजे तुम्हाला इथे आणायलाच नको होतं.

आई : माझ्यासाठीच शिकतेय ना ती? मग बघू द्या. आणि भावजी, त्या पोत्यातली थोडी वाळू काढा. मी आता एवढी राहिले नाही.

मुलगी : आई.

आई : खोटं आहे का? हां, पायावरची सूज धरायची असेल तर राहू दे तेवढी. नुसतं पाणी आहे, पण वजन ते वजनच.

काका : तू इकडे लक्ष दे. चारही बोटांनी आवळू नकोस, दोन ठेव. आता सोडत ये. सोडत ये. आवाज जड झाला?

मुलगी : झाला.

काका : इंजिनाने चाकाला हात लावला. तिथे थांब. गाडी आपणहून निघेल. निघाली, तिने वेग घेतला, की मग उरलेला सोडायचा. घाई कसली आहे?

मुलगी : घाई आहे, काका. उद्या सकाळी तिची डायलिसिसची वेळ आहे. आधीच्या दोन चुकल्या.

काका : ते मला ठाऊक नाही का? मी गाडीबद्दल बोलतोय. निघ आता. पोतं हललं नाही पाहिजे. शाबास. दुसरा टाक. हां, इथे. इथे बसला झटका.

मुलगी : पहिला जमतो. दुसऱ्यात जातानाच बिघडतं.

काका : कारण तू रेस सोडतेस, क्लच दाबतेस, पायाकडे बघतेस, गिअर टाकतेस, मग बसतेस विचार करत. तेवढ्यात इंजिन पेंगतं. चाक पळतंय, इंजिन पेंगलंय, आणि मग तू दोघांची गाठ घालून देतेस. धडकणारच. पायाकडे बघू नकोस. पाय कुठे पळून जातोय?

आई : लहानपणापासून असंच आहे तिचं. पायरी उतरतानासुद्धा वाचत उतरायची.

काका : वहिनी, मी परत एकदा विचारतो. उद्या मी नेतो तुम्हाला. मुलांना शाळेत सोडून बस तशीच उभी करतो आणि याच गाडीवर नेतो.

आई : आणि येताना?

काका : येताना काय?

आई : यंत्रावरून उतरल्यावर मला उभं राहता येत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. डाव्या हातात यंत्राच्या सुयांसाठी ती नस करून ठेवलीय, त्या हाताने काही धरायचं नाही. उरला एक हात. तुमचे भाऊ मला चादरीने कमरेला बांधून घेऊन यायचे. आता तुमच्या कमरेला बांधून घेऊ? जाऊबाई दारातच स्वागत करतील.

काका : ती तशी नाही हो.

आई : ती तशी नाही. मी आहे.

मुलगी : मग शेजारच्यांची मोटार आहेच. ते स्वतः म्हणाले.

आई : मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबते. पुढे काय झालं त्या दिवशी, तू होतीस ना? खुर्चीत घालून चौघांनी उचललं. प्रत्येक दारात माणूस. पोरं खेळायची थांबली. आणि त्याच खुर्चीमागून, त्याच गल्लीतून, तासाभराने तुझ्या बाबांना आणलं. मला या गल्लीतून आता एकदाच उचलायचं. ते कधी, ते तुम्ही बघा.

काका : असं बोलू नये वहिनी.

आई : बरं, नाही बोलत. गाडीवर बसून माणसासारखी जाईन आणि गाडीवर बसून परत येईन. पण तिने मला झटका न देता या मैदानाला एक फेरी मारून दाखवली तर. नाहीतर नाही. यात कुणी वाईट वाटून घेऊ नका.

काका : सिस्टरांनी मला फोन केला होता दुपारी. म्हणाल्या, उद्याही आणलं नाहीत तर त्यानंतर मला फोन करून उपयोग नाही. आता आणखी काय सांगू मी? मला बस गॅरेजला लावायची आहे. तू पोतं उतरवून ठेव. आणि त्यांना बसवणार असशील तर तिसऱ्याच्या वर जाऊ नकोस.

मुलगी : बरं.

काका : आणि रडू आलं तर आधी गाडी बंद कर. मग रड.

मुलगी : निघा तुम्ही काका.

आई : गेले. तुझ्या बाबांना शिकवताना इतके ओरडले असते तर बरं झालं असतं.

मुलगी : बाबांनी काकांना शिकवलं ना?

आई : छे. धाकट्याने थोरल्याला. घरात कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. धर मला. तिकडून नको, उजव्या बाजूने. हां. आता पाय टाकते. थांब, धाप लागली.

मुलगी : घे दम. रात्री झोपलीस का?

आई : बसून. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. चल.

मुलगी : चादर बांधू?

आई : आज नको. आज शुद्धीत आहे. खांद्यावर हात ठेवते तुझ्या.

मुलगी : निघतेय. पहिला.

आई : हं.

मुलगी : दुसरा.

आई : इथे तू फार वेळ घेतेस.

मुलगी : झटका बसला?

आई : नाही बसला. पण दोन गिअरच्या मधे तू थांबतेस ना, ते पाठीला कळतं. तेवढा वेळ गाडी कुणाचीच नसते.

मुलगी : थोडं लवकर सोडते. वळण आहे. वळणावर क्लच नाही दाबणार, घाबरू नकोस.

आई : मी कशाला घाबरू. दाबतेस का वळणावर?

मुलगी : काल दाबत होते. काका म्हणाले, मग गाडी घरंगळते, तिच्यावर आपला धाक राहत नाही. आता तिसरा. कसा होता?

आई : होता.

मुलगी : परत दुसऱ्यात येते. खाली येताना जरा रेस द्यायची, मग सोडायचा. कळलं तुला?

आई : नाही कळलं.

मुलगी : म्हणजे बसला नाही. आता थांबवते. झाली फेरी, आई.

आई : बसला एक.

मुलगी : कुठे?

आई : त्या खांबापाशी.

मुलगी : तिथे मी गिअर बदललाच नव्हता.

आई : मग कुठेतरी बसला असेल. परत मार.

मुलगी : मारते. कितीही मारते. पण बाबांसारखं मला उद्या सकाळपर्यंत नाही जमणार, तेवढं खरं. तू त्यांच्या मागे झोपून यायचीस. मी बघितलंय गच्चीवरून. डोळे मिटलेले, डोकं पाठीवर, आणि गाडी पाण्यावरून आल्यासारखी गल्लीत शिरायची.

आई : झोपून? अगं, तुझ्या बाबांचा दर गिअरला झटका असायचा.

मुलगी : बाबांचा?

आई : शेवटपर्यंत. क्लच सोडायचे म्हणजे तापलेलं भांडं टाकावं तसे. मी डोळे मिटून बसायचे ते ऐकायला. आवाज अमुक इतका चढला की हे आता बदलणार. त्याच्या आधी गुडघे आवळायचे, पोट आत घ्यायचं, जरा पुढे कलायचं. झटका यायचा आणि जायचा. वरून बघणाऱ्याला वाटणार, काय सुरेख चालवतो माणूस.

मुलगी : यंत्रावरून उतरल्यावरसुद्धा? त्या ग्लानीत?

आई : सवयीने व्हायचं. ह्यांना वाटायचं, आपला हात बसलाय. मित्राला सांगत होते एकदा माझ्यादेखत, मागे बाई बसलीय हे गाडीला कळूसुद्धा देत नाही मी. मी चहा ओतत होते.

मुलगी : आणि तू सांगितलं नाहीस.

आई : कशाला? एवढी एकच गोष्ट होती जिची ते बढाई मारायचे.

मुलगी : आई, आत्ताच्या फेरीत मला आरशात दिसत होतीस तू. तू काहीच आवळलं नाहीस. कललीही नाहीस.

आई : जोर नाही अंगात.

मुलगी : जोर नव्हता आणि तरी पडली नाहीस. त्यांच्या निम्मासुद्धा झटका नव्हता माझा. मग हे सगळं कशासाठी? पोतं, वाळू, एक फेरी, परत एक फेरी. तुला वाटलं होतं की मला जमणारच नाही?



आई : गाडी बंद कर. कानात घुमतंय.

मुलगी : केली.

आई : वाटलं होतं जमणार नाही. मग कुणाचा दोष नाही. तुला जमलं नाही, मला जाता आलं नाही. संपलं.

मुलगी : मला पुढे जगावं लागलं असतं ते घेऊन.

आई : तेवढा विचार नाही केला. मी फक्त त्या दाराचा विचार करते. बाहेर खुर्च्यांची रांग, मधे ते काचेचं दार, आत मी. काचेला खडबडीत कागद लावलाय, बाहेरचं काही दिसत नाही. त्या दिवशी मी आत जाताना हे म्हणाले, मी आहे इथेच. रोजचंच. मी यंत्रावर पडून सिस्टरशी गप्पा मारत होते. तिच्या होणाऱ्या सासूची नक्कल करून दाखवली तिने. पोट दुखेपर्यंत हसले मी. नंतर ती बाहेर जाऊन आली आणि माझा हात धरून उभी राहिली. म्हटलं, काय गं, आता सासऱ्याची नक्कल? म्हणाली, यंत्रातलं रक्त सगळं आत येऊ दे काकू. तेवढं होऊ दे.

मुलगी : माहीत आहे मला.

आई : नाही, तुला झालेलं माहीत आहे. मी हसत होते तेव्हा हे गेलेले होते. कधी गेले ते कुणालाच सांगता येत नाही. शेजारचा माणूस म्हणाला, मला वाटलं डोळा लागलाय. चादर मांडीवर घडी घालून ठेवलेली. आता उद्या परत आत जायचं, चार तास झोपायचं, आणि त्या दाराबाहेर तू.

मुलगी : मी पस्तीस वर्षांची आहे, आई. मला काही होत नाही.

आई : त्यांनाही काही होत नव्हतं. आजारी मी होते.

मुलगी : सिस्टरांना विचारते, आत स्टूल टाकू देतात का ते.

आई : नाही देत. ह्यांनी दोनदा विचारलं होतं.

मुलगी : मग मी बाहेरच बसेन. दुसरीकडे जागाच नाही तिथे. त्याच रांगेत बसेन, आणि तुझं झालं की तुला घेऊन येईन. मला याहून चांगलं काही सांगता येत नाही. तू नाही आलीस तर मी घरात तुझ्यासमोर बसेन आणि तुला श्वास घेता येईनासा होईल. ते मला दिसेल. मधे कागद नसेल.

आई : फार स्पष्ट बोलतेस.

मुलगी : तुझ्याकडूनच घेतलंय.

आई : कुठल्या खुर्चीत बसतेस ते मला सांगू नकोस.

मुलगी : नाही सांगणार.

आई : आणि दर थोड्या वेळाने आत निरोप पाठव. सिस्टर येत-जात असतात, कुणाकडेही दे.

मुलगी : काय निरोप देऊ?

आई : काही नको. नुसतं, आहे म्हण.