वाफेच्या लाईनीला सोडलेली जागा

आधी एक सांगून ठेवतो पावणं, मी बाईमाणूस, नाव सुवर्णा, पण आमच्याकडं बायकाबी आलो-गेलोच म्हणतात. लिहिताना ते सुधारत बसू नका, न्हायतर आईला वाचून दाखवलं तर ती म्हणंल, ही कोण दुसरीच बोलतीया.

मी नेसरीची. आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीची चाकं करायचे, सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही एकाच छपरात. सगळीकडं टायरच्या गाड्या आल्या तरी आमच्या डोंगराकडच्या वाड्यांवरची माणसं लाकडी चाकंच घेऊन यायची, आणि चाकावर धाव बसवायची असली की मी शाळेतनं पळत यायचो. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. आबा ती चाकापेक्षा मुद्दाम जराशी लहान करायचे, किती लहान ते चाकाला बोटं लावून मोजायचे, मला वाटायचं आबा चुकलं. मग शेणी-गोवऱ्या रचून त्यात ती लालबुंद करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची, की लगेच पाणी, फस्सदिशी वाफ, लाकूड करकरायचं आणि धाव अशी आवळून बसायची की काय सांगू तुम्हाला! आबा म्हणायचे, लोखंड जित्तं असतंय बाळ, तापलं की अंग पसरतंय, गार झालं की अंग चोरतंय.

तर शिकलो. गावात दहावी, गडहिंग्लजला बारावी, मग कोल्हापुरात मेकॅनिकल. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिलीच. आमच्या सायन्सच्या बाई घरी येऊन आबांना म्हणाल्या होत्या, पोरीला थांबवू नका, आणि आबांनी न्हाय थांबवलं. आज मी जी काय हाय ती त्या दोघांमुळं, हे लिहाच.

नोकरी लागली पुण्याच्या एका बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत, आणि पहिलीच साइट मिळाली ती आपल्या शिरोळ तालुक्यात! एका साखर कारखान्यात वीज तयार करायचा प्लॅंट उभा राहत होता, ऊस पिळून उरलेला चोथा जाळायचा, त्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाईन फिरवायचं. माझं काम काय, तर पुण्यातल्या ऑफिसात कागदावर खांब एका जागी असतोय आणि इथं चिखलात तो हातभर सरकून उभा असतोय, त्या दोघांचं जमवायचं. मोजायचं, फोटो पाठवायचा, भांडायचं, बदल करून घ्यायचा, आणि झालेलं काम बरोबर हाय का ते स्वतः चढून बघायचं. मला तर हे काम म्हणजे रोज जत्रा! सकाळी हेल्मेट घातलं की अंगात वारं भरायचं.

पाईपलाईनीचं काम होतं दादू मिस्त्रींकडं. पेठ वडगावचे, तिथं त्यांचं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप, त्यांच्या ट्रॉलीचा टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, कधी तुटला असं कुणी ऐकलेलं न्हाय. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला म्याडम म्हणायचे, पण म्हणायची तऱ्हा अशी की पोरं तोंड फिरवून हसायची. म्याडम, वर ऊन हाय, तुम्ही खाली चहा घ्या, पाईप काय पळून जात न्हाय. मी म्हणायचो, मामा, पळतीय का न्हाय तेच बघायला आलोय.

आता खरी गोष्ट. आमच्याकडं नवा बॉयलर पेटवायचा म्हणजे पूजा लागती, दसऱ्याच्या सुमाराला, संचालकांपैकी एक जोडपं पूजेला बसतंय, नारळ, हार, पेढे. तशी झाली. मग आतलं विटकाम वाळायला बारीक आग काही दिवस धरून ठेवली, आणि त्यानंतर पहिल्यांदा वाफ लाईनीत सोडायची असं ठरलं. आमचे साहेब पुण्याला गेलते, जाताना म्हणाले, सुवर्णा, लाईन तुझी, तू मोकळी हाय म्हणालीस की वाफ सोडतील. पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या शब्दावर!

आदल्या दिवशी सकाळी शेवटची फेरी मारायला वर चढलो आणि बघतो तर काय! बॉयलरपासनं टर्बाईनपर्यंत लांबच लांब पाईप, तिच्याखाली लोखंडी पाय वेल्ड केलेले. पाय पाईपला पक्का, पण खालच्या बीमवर नुसता टेकलेला, सुटा, कारण तापली की लाईन त्या बीमवरनं सरकली पाहिजे. आणि इथं एकूण एक पाय बीमला टाका मारून पक्का केलेला! टाके इतके सुबक की बघत राहावं.

मामांना हाक मारली. हे कुणी केलं? तर छाती पुढं काढून म्हणाले, मी केलं की! पूजेदिवशी एक संचालक वर आलते, त्यांनी बुटानं पाय हलवून बघितला, हलला, चारचौघांत म्हणाले, मिस्त्री, टाका मारायचा राहिला व्हय? दादू मिस्त्रीचं काम हलतंय असं वडगावात कळलं तर मी तोंड कुठं दाखवू?

मी म्हटलं, मामा, सगळे कापायचे. ते एकदम लाल. तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर वर आले, म्हणाले, अहो ताई, उद्या सगळी मंडळी येणार, टाके मारल्यानं मजबूतच झालं की, वाफ सोडूया, मग बघू. मी म्हटलं, साहेब, मी लाईन मोकळी हाय म्हणणार न्हाय. नोकरी नवी, साहेब लांब. पण लाईन तापली, तिला जागा मिळाली न्हाय, तर ती पाय उपटंल, न्हायतर टर्बाईनला ढकलंल, आणि खाली माणसं उभी असणार.

मामा म्हणाले, पुस्तकातलं आम्हाला सांगू नका. तेव्हा मला आबांचं छप्पर आठवलं. मी म्हटलं, मामा, गार धाव चाकावर बसती का? म्हणाले, न्हाय बसत, ती लहान असती. मग तापवल्यावर कशी बसती? वाढती म्हणून. मग मामा, चाकाएवढी पट्टी वाढती, तर ही या टोकापासनं त्या टोकापर्यंतची लाईन तापल्यावर कुठं जाणार?

मामांनी लाईनीकडं एकदा या अंगानं बघितलं, एकदा त्या अंगानं. मग मला म्हणाले, धावेचं तुम्हाला कसं ठावं? म्हटलं, नेसरीच्या चाकवाल्याची लेक हाय मी. तर हा माणूस वरनंच ओरडला, ए पोरांनो, ग्राइंडर घ्या सगळे! मॅनेजरांना म्हणाले, साहेब, पोरगी बरोबर बोलतीया, तुम्ही तेवढा चहा पाठवा. दिवस मावळायच्या आत सगळे टाके कापून, घासून गुळगुळीत. प्रत्येक पाय मी हातानं हलवून बघितला. मग पुण्याला फोन केला, लाईन मोकळी हाय.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या पायाशेजारी बीमवर खडूनं रेघ मारली. वाफ सोडली. आधी नुसतं टकटक, मग सूं सूं, आणि मामा नि मी पालथे पडून रेघेकडं डोळं लावलेलं. बराच वेळ काय न्हाय. मग पाय रेघेवरनं निघाला, गोगलगाईसारखा! मामा उठून नाचायलाच लागले. सरकली! अरं सरकली रं! बोट लावून मोजत होते, एक बोट, दोन बोटं, चार बोटं! खाली मंडळी विचारायला लागली, काय मोडलं का? मामा ओरडले, मोडलं न्हाय, चाललीया!

आता प्लॅंट सुरू हाय, वीज बाहेर जातीया, मला पुढची साइट मिळालीया, मामा म्हणतात तिथंबी मीच येणार. परवा आबांना प्लॅंट दाखवायला आणलं. त्यांना पायऱ्या चढवत न्हाईत, तरी चढले. खडूची रेघ अजून हाय, मामा कुणाला पुसू देत न्हाईत. आबांनी वाकून रेघ आणि पाय यांच्यामधी बोटं ठेवली, चाकाला ठेवायचे तशी. मग माझ्या हेल्मेटावर हात ठेवला आणि म्हणाले, जागा बरोबर सोडलीस बाळ.