कुठला निनू?

ऐका. पण हुंकार देत ऐका, दगडासारखं बसू नका. मागं एकदा मी अख्खी गोष्ट सांगून संपवली आणि मग कळलं, समोरचे सगळे झोपलेत आणि हुंकार भलतंच कुणीतरी देतंय. तेव्हा शेजारच्याला एक चिमटा काढा. ओरडला का? मग हरकत नाही.

तर दिवेलागण होऊन गेली होती. गुऱ्हाळावर गुळाची शेवटची काहील चुलवाणावरनं उतरली होती, आणि गुळव्या निनू हात न धुताच निघाला. खांद्यावर घोंगडं, हातात कंदील, पायात तुटकी वहाण. एकटा. कुठं? कातळवाडीला. कुठल्या वाटेनं? खिंडीच्या! ए सर्जेराव, आत्तापासून मागं सरकू नकोस, अजून खिंड यायची आहे.

त्याची बायको हौसा कातळवाडीला माहेरी होती. आधीची दोन पोरं जन्मताच गेलेली, म्हणून या खेपेला आईनं तिला नेलं होतं. संध्याकाळी निरोप आला. सकाळपासून कळा लागल्यात, सुटका होत नाही, सुईण नुसती मान हलवते आणि हौसा सारखी दाराकडं बघते. पुढचं निनूनं ऐकलंच नाही. गाडीवाटेनं नदीला वळसा, म्हणजे उजाडणार. खिंडीतनं गेलं तर दोन तास.

गुऱ्हाळाचा मालक दत्ताजी म्हणाला, "आरं निनू..." आणि जीभ चावली. "गुळव्या! गुळव्या निनू! सकाळी जा की रं. बाळंतपन काय तुझ्यामुळं अडलंय?"

"माझ्यामुळंच अडलंय की, मालक," निनू म्हणाला, आणि तेवढ्या काळजीतसुद्धा माणसं हसली.

आता मालकानं जीभ का चावली? सांगतो. आपल्या या पट्ट्यात देवी निनाई. तिला नवस बोलायचा आणि पोरगा झाला की त्याचं नाव निनू ठेवायचं. त्या काळी वाडीत चौदा निनू होते. मोटेचा निनू, चाबरा निनू, दोन बायकांचा निनू, एक नुसताच रडका निनू. पाटलाचा मोडक्या शिंगाचा बैल, तोही निनू. वाडीखालचा ओढा निनूचा, का? कुणाला माहीत. ओढ्यावरचा आंबा निनू, आणि त्याचा ओढ्याशी काही संबंध नाही, तो आंबा तिकडं घाटाखालनं आणलेला. पिठाची गिरणीसुद्धा निनू, ती तर गिरणीवाल्याच्या सासऱ्याच्या नावाची, आणि सासरा परमुलखातला. कशाचा कशाला मेळ नाही. अंधारात दगड भिरकावला तर निनूला लागायचा, आणि "कुणी मारला?" विचारलं तर तोही निनूच निघायचा.

दिवसा याची गंमत. रात्री नाही. कारण ती खिंड. निनूची खिंड.

माझ्या आज्याच्या वेळची गोष्ट. एक वाटसरू रात्रीचा त्या खिंडीत घसरला. कंबर मोडली. खाली घळीत पडून ओरडत राहिला, "मी निनू! आरं मी निनू! कुणीतरी या!" वाडीला ऐकू गेलं. सगळ्या वाडीला! आणि वाडीनं काय केलं? प्रत्येक घरानं आपापला निनू मोजला. आमचा हाय, पांघरूण घेऊन निजलाय. आमचाबी हाय. आमचा बैलबी गोठ्यात हाय. जेवढे निनू तेवढे घरी. मग बाहेर कोण ओरडतंय? असंल कुणाचा तरी. आणि दारं लावून घेतली. हसू नका. तुमचे आजे होते ते. माझाही होता.

तीन रात्री ओरडला तो. चौथ्या दिवशी गिधाडं दिसली तेव्हा माणसं गेली. कुठल्या गावचा, कुणाचा, काही कळलं नाही. नाव तेवढं माहीत. तेव्हापासून दिवा लागला की निनूला नुसतं निनू म्हणायचं नाही, पुढं काहीतरी लावायचं. आणि कुणी नुसती हाक मारलीच, तर ओ द्यायची नाही. ओ दिली की तो तुम्हाला तिथं ठेवतो आणि तुमचं रूप घेऊन तुमच्या घरी जातो. त्याला घर पाहिजे, बाकी काही नाही.

हं. आता चला खिंडीत.

ओढा ओलांडेपर्यंत काही नाही. चढण लागली. रातकिडे ओरडत होते. आणि एकदम थांबले. सगळे एकदम! निनूनं कंदील वर धरला.

मागनं आवाज आला, "निनू! आरं लका, तंबाखूची पिशवी इसरलास की!"

मोटेचा निनू! त्याचा जिवलग. तोच घोगरा आवाज, तीच शिंक शेवटी. निनूचा हात कमरेला गेला. पिशवी खरंच नव्हती! तोंड उघडलं त्यानं, आणि मिटलं. मोटेचा निनू त्याला नुसतं निनू कधी म्हणेल का? तो तर दिवसाढवळ्यासुद्धा गुळव्याच म्हणायचा. निनू चालत राहिला. मागं पावलं वाजत होती. तो थांबला की थांबायची.

थोडं वर गेला. घंटा वाजली. बैलाची. वाटेत आडवा बैल उभा, मोडक्या शिंगाचा. आणि अंधारातनं कुणीतरी बैलाला हाकतंय, "हो निनू, हो! चल निनू!" आता ही हाक बैलाला, तिला ओ कशाला द्यायची? बरोबर? पण बैलानं मान वळवली आणि निनूकडं बघितलं. माणसासारखं. ओ तू दे की, असं. निनू बाजूच्या करवंदीतनं सरपटत गेला. अंगभर ओरखडे. मागं वळून बघितलं, तर ना बैल, ना घंटा.

"निनाई, निनाई," पुटपुटत तो पळत सुटला. कंदील हिंदकळला आणि विझला. काडेपेटी? ती तंबाखूच्या पिशवीत!

काळोख. हाताला हात दिसेना. आणि अगदी कानाजवळ, हौसाचा आवाज. कण्हत. "निनू... निनू, या की वो. माझा जीव चाललाय, निनू."

हौसा! घशापर्यंत ओ आली. आणि कुणी वाचवलं सांगू का? हौसानंच. सहा वर्षं संसार झाला, त्या बाईनं नवऱ्याचं नाव एकदा घेतलं नव्हतं. "आवं ऐकलं का" म्हणायची. गिरणीत दळण टाकायला गेली तरी "त्या ह्यांच्या नावाच्या गिरणीत" म्हणायची! नाव घेईल ती?

"मर मेल्या," निनू दातओठ खाऊन म्हणाला. "माझ्या बायकूचा आवाज काढतोस?"

खिंड हसली. हो, खिंडच. दोन्ही बाजूंचे कडे हसले.

मग सगळं गप्प. निनू चाचपडत माथ्यावर पोचला. खाली कातळवाडीचे दिवे दिसले. चार-पाच, मिणमिणते. त्यातलाच एक सासऱ्याच्या घराचा. आलोच की आता! आणि तेवढ्यात खालनं, थेट त्या दिव्याकडनं, तान्ह्या पोराचं रडणं आलं. ट्यांहां, ट्यांहां! आणि सुईणीचा खणखणीत आवाज, "निनू! पोरगा झाला रं! दोगंबी सुकरूप!"

"ओ!"

गेलं. निसटलं तोंडातनं. तुमच्या तोंडातनं नसतं निसटलं? सर्जेराव, तुझ्या तर दोन वेळा.

ओ म्हणाला आणि पाय जमिनीत रुतले. चिखल नाही, काही नाही, कोरडा कातळ, पण पाय उचलेनात. समोर एक माणूस उभा राहिला. अंधारातही दिसत होता, राख जशी दिसते तसा. खांद्यावर घोंगडं. पायात तुटकी वहाण. तोंड? निनूचंच!

"लई वरसं झाली," तो म्हणाला, निनूच्याच आवाजात. "आता तू बस हितं. मी जातो घरी. बायकू वाट बघतीया माझी."

"तुझी न्हाई, माझी!"

"ओ कुणी दिली?"

आणि वळला. चालायला लागला! खाली, त्या दिव्याच्या दिशेनं. निनूला आपलीच पाठ दिसत होती, आपलीच चाल, डावा खांदा पाडून. तो दारात जाईल. सासू दार उघडेल. हौसा मान वर करेल. पोराला त्याच्या हातात देतील. त्या हातात! निनू ओरडायला गेला तर आवाज फुटेना. थंडी गुडघ्यांपर्यंत आली. मांड्यांपर्यंत. कमरेपर्यंत आली तेव्हा त्यानं सगळा जीव घशात गोळा केला आणि ओरडला,

"जा की! पर दारात इचारतील! कुठला निनू म्हनून इचारतील! काय सांगशील?"

तो थांबला.

कारण कातळवाडीतही तीच निनाई आणि तसेच नऊ-दहा निनू. रात्री दार वाजलं तर आधी हेच विचारणार. तो हळूहळू माघारी आला. अगदी जवळ. त्याच्या तोंडाला वास नव्हता. श्वासच नव्हता, वास कुठला यायचा?

"कुठला तू? सांग."

निनू गप्प.

"मोटेचा?" गप्प. "चाबरा?" गप्प. "रडका?" डोळ्यांतनं पाणी चाललेलं, पण निनू गप्प. मग त्यानं निनूचा हात धरला. बर्फ! हात नाकाशी नेला. हुंगला. जीभ काढली आणि तळहात चाटला. गुऱ्हाळावरनं हात न धुता निघालेला माणूस तो.

"ग्वाड हाय," तो हसला. "ग्वाड! गू... गुळ..."

"त्यो माझा!" निनू किंचाळला. "माझा कशाला सांगतोस? तुझा सांग! तू कुठला? कुणाचा तू?"

आणि बघा. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तीन रात्री ओरडला, अख्ख्या वाडीनं ऐकलं, पण तू कुठला रे बाबा, म्हणून एकानं विचारलं नव्हतं.

"मी... मी निनू."

"ते झालं. कुठला?"

"मी..." तो आठवायला लागला. आठवेना. नाव तेवढं उरलं होतं, बाकी सगळं गिधाडांनी नेलेलं. "मी त्या... पलीकडच्या... माझी म्हातारी..." आणि आठवता आठवता त्याचं तोंड ओघळायला लागलं. निनूचं नाक गेलं. निनूच्या मिश्या गेल्या. डोळे गेले. घोटलेल्या पाटीसारखं सपाट झालं सगळं, आणि त्या सपाटीतनं आवाज, "मी कुठला रं?"

पाय सुटले! निनू पळाला. पडला, उठला, पळाला. वहाण गेली, घोंगडं गेलं. मागनं तो येतच होता, ओरडत नव्हता, विनवत होता. "सांग की रं. मी कुठला? तुला ठावं असंल. सांग की."

दार! निनूनं दोन्ही मुठींनी बडवलं. "दार उघडा! मी निनू!"

आतनं सासरा, "कुठला निनू?"

आणि निनूला आठवेना.

खरं सांगतो. आठवेना! कपाळात नुसती ती सपाट पाटी. मागं अंगणात पावलं आली. "मी... मी..." आतनं सासऱ्यानं आडणा आणखी घट्ट केला, तो लाकडाचा आवाज निनूनं ऐकला. पावलं पायरीपाशी आली. निनूनं भीतीनं हाताची मूठ तोंडात कोंबली आणि जिभेला चव लागली.

"गुळव्या! गुळव्या निनू! मामा, गुळव्या!"

दार उघडलं. निनू आत आडवा पडला. सासऱ्यानं त्याला ओलांडून धाडदिशी दार लावलं. बाहेर कुणीतरी बराच वेळ पायरीवर बसून होतं म्हणतात. पहाटे गेलं.

पोरगा झाला होता, खरंच. हौसाही वाचली. भुतानं तेवढं खोटं सांगितलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आवं, आरशात बगा जरा." केस पांढरे झाले होते, सगळे. पंचविशीतल्या माणसाचे.

बाराव्या दिवशी सासूनं पाळण्याशी पोराचं नाव निनू म्हणून घ्यायला तोंड उघडलं, तर यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. सासूच्या! बायका हसून लोळल्या. पण ऐकेना. या अकरा गावांत कुणाचं नसंल असं नाव पायजे, म्हणाला. शाळामास्तर पोथ्या चाळून आले आणि नाव निघालं त्रिविक्रम. कुणाला म्हणता येईना. वाडीनं त्याचा तिरकम केला. एकटा तिरकम! गुळव्या खूश. नदीच्या वळशानं बायको-पोराला घरी आणलं, आणि मरेपर्यंत खिंडीकडं पाठ करून झोपला.

पण माणसं काय कमी आहेत का? नाव आवडलं लोकांना. पहिल्या वर्षी चाबऱ्यानं पोराचा तिरकम ठेवला. मग पाटलानं. मग दोन बायकांच्या निनूनं दोन्हीकडं. पाटलाचा नवा खोंड तिरकम. तालमीपुढचा नवा कट्टा तिरकम. आज वाडीत नऊ आहेत. हे काय, इथंच तीन बसलेत माझ्यासमोर दात काढत!

काढा. आता नाही काढायचे. परवा म्हशी घेऊन उशिरा परतलेली माणसं ओढ्यापाशी होती. वर खिंडीतनं हाक आली. निनूची नाही. नवीनच. अडखळत, जीभ वळत नसल्यासारखी, पाठ करणाऱ्या पोरागत. ति... तिर... तिरकम.

शिकतोय तो.

तेव्हा तिघंही ऐका. कातळवाडीला सासरवाड्या करा, सोयरिकी करा, मला काही नाही. पण दिवा लागल्यावर खिंडीचं नाव काढायचं नाही. बायको अडली असू दे, घर पेटलं असू दे, नदीचा वळसा घ्यायचा. आणि घरी जाताना एकमेकांना हाक मारायची वेळ आलीच, तर आत्ताच ठरवून घ्या, कोण कुठला तिरकम. बाहेर जायच्या आधी. मोठ्यानं नको, कानात सांगा.