मॅडमच्या हातचा कागद

(मानवतच्या कुशावर्ताबाई आपल्या घरी नोकरदारांची लेकरं सांभाळतात. त्यांनी सांगितलं ते असं.)

मव्हं माहेर सोनपेठकडलं. मायबाप ऊसतोडीला जायचे, दिवाळीच्या आगंमागं गाव सोडायचं ते उन्हाळ्यातच घरला यायचं. मी सात-आठ वर्षांची आसल, मला कोयता देत नव्हते, लेकरं द्यायचे. आमच्या घरचीच न्हाई, टोळीतल्या समद्या बायांची लेकरं, फडाच्या कडंला झोळ्या बांधून. कोनतं भुकंनं रडायलंय, कोनाला मुंगी चावली, कोनाला नुस्ती माय पायजे, ते मला आवाजावरून कळायचं, आजबी कळतंय. शाळा चौथीलोक झाली, फुडं न्हाई. वाचायला येतं मला, हळू वाचते पन समदं वाचते.

लगीन होऊन मानवतला आले. मालक जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचे, आता कंबर गेली, घरीच असतेत. लय गरीब मानूस, कोनी पायावर पाय दिला तर आपलाच पाय मागं घेनारा. मंग मी लेकरं सांभाळायला लागले. एका नर्सबाईचं पयलं आलं, तिनं दुसरीला सांगितलं, असं करत पाच-सा लेकरं झाली. खाली वाकळा अंथरायच्या, दोन झोळ्या बांधायच्या, दाराला फळी आडवी लावायची. पाटी न्हाई, काय न्हाई, पन दहा वर्सात कोन्या मायनं मला नाव ठिवलं न्हाई बगा.

ओवी आली तव्हा आठ महिन्यांची होती. तिची माय बँकेत, मी तिला मॅडमच म्हनायची, अन् बाप इथंच गावात क्लास चालवतो, दहावी-बारावीचा, त्याला समदे सर म्हनतेत. मॅडम मला म्हनल्या, कुशावर्ताबाई, आपन करार करू, म्हंजी दोघींनाबी बरं. मी म्हनले तोंडी जबान पुरे हाय की. न्हाई म्हनल्या, कागद पायजे. त्यांनीच लिवला, त्यांच्याच हातानं, सुरेख अक्षर: पाच तारखेच्या आत पैसे, लेकरू सांच्याला सा वाजता न्यायचं, उशीर झाला तर जादा, अन् लेकरू काढायचं असल तर महिनाभर आधी सांगायचं न्हाई तर त्या महिन्याचे पैसे द्यायचे. खाली त्यांची सही, मही सही. काय सांगू तुमाला ताई, मला लय बरं वाटलं होतं, एवढी शिकलेली बाई मह्यासंगं कागद करायली म्हनून.

पयले पाच महिने नीट गेले. मंग आज देते उद्या देते सुरू झालं, सरांचं क्लासचं बांधकाम हाय, पगार अडकला हाय. मी म्हनले ऱ्हाऊ द्या, लेकरू कुठं पळून जायलंय. साचे आठ वाजायले, तरी मी कधी बोलले न्हाई. ओवीला जुलाब झाले तव्हा मीच रिक्षा करून डॉक्टरकडं नेलं, मॅडमचा फोन लागत नव्हता. ती पोरगी मह्या अंगावर झोपायची, मव्हा पदर तोंडात धरून. असे चार महिन्यांचे पैसे थकले. मंग एक दिवस मी दारात उभी राहून म्हनले, मॅडम, आता हिसाब करा, मालकाची औषधं आनायचीत. बरं म्हनल्या, उद्या. अन् उद्या लेकरूच आलं न्हाई.

आलं ते वेगळंच. समद्या लेकरांच्या मायांचा फोनवर ग्रुप हाय, तिथं मॅडमनं लिवलं की कुशावर्ताबाई दुधात पानी घालते, अन् लेकरांना झोपायचं औषध पाजते, म्हनून आमी ओवीला काढलं. नर्सबाईनं मला वाचून दावलं. पैसे बुडवले तर बुडवले म्हनले असते, गरिबाचे बुडतच असतेत. पन औषध? मी? आठ दिवसांत पाचातली तीन लेकरं गेली. चौकीत गेले, तिथले म्हनले बाई आपसात मिटवा. मालक म्हनले जाऊ दे कुशे, मोठी मानसं हायत. मी म्हनले तुमी जाऊ द्या, मी न्हाई जाऊ देत.

दहावीचा निकाल लागायची वाट बघितली. निकाल लागला की क्लासमधी गर्दी असते, खेड्यापाड्यातून मायबाप पोरं घेऊन येतेत. दारावरच सरांची पाटी हाय, फी आगाऊ भरावी, भरलेली फी परत मिळनार न्हाई. त्या पाटीखाली मी बारदाना टाकून बसले, मांडीवर तो कागद. वरडले न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. कोनी इचारलं बाई काय झालं, की सांगायची, अन् कागद हातात द्यायची, वाचा म्हनायची, मॅडमचंच अक्षर हाय.

पयल्या दिवशी सर हसले, मह्यासाठी चहा धाडला. मी चहा तिथंच पायरीवर थंड होऊ दिला. दुसऱ्या दिवशी म्हनले पोलिसाला बोलावतो. मी म्हनले बोलवा, मी गेले तर मला हाकललं, तुमी बोलावल्यावर तरी येतील. तिसऱ्या दिवशी जिंतूरकडचा एक मानूस आला, संगं पोरगी. त्यानं कागद मोठ्यानं वाचला, समद्या लोकांत, शेवटच्या सहीलोक. मंग खिशातून काढलेले पैसे परत खिशात घातले अन् म्हनला, सर, तुमच्या लेकराचं हागलं-मुतलं जिनं काढलं तिला तुमी असं करायलेत, मह्या पोरीवर तुमी काय ध्यान देनार? त्याच्यामागं अजून दोघं उठले.

तव्हा सर बाहीर आले, हळूच म्हनले, आत या, अर्धे घ्या, मिटवून टाकू. मी म्हनले आत न्हाई, हितंच, अन् समदे, न सांगता काढलेल्या महिन्याचेबी. दिले. मी दोनदा मोजायला लावले. मला वाचता-मोजता येतं, तरी लावले. मंग म्हनले आता मॅडमला बोलवा. मॅडम स्कूटीवर आल्या, तोंडाला रुमाल बांधून. मी म्हनले रुमाल सोडा, अन् ग्रुपवर लिवा की कुशावर्ताबाईबद्दल मी खोटं बोलले. लिवलेलं मी मोठ्यानं वाचायला लावलं. मला लय बरं वाटलं ताई, खोटं कशाला बोलू.

पन मव्हं तेवढ्यानं भागलं न्हाई. गावात लेकरं सांभाळनाऱ्या आमी चौघीजनी. मी तिघींकडं जाऊन आले, म्हनले ओवीला कोनी घ्यायचं न्हाई. कोनी घेतलं न्हाई. मॅडमनं बिनपगारी रजा काढली, मंग ती बी संपली. एक दिवस दुपारी मह्या दारात आल्या, ओवी कडंवर. म्हनल्या चुकलं मव्हं, दोन महिन्यांचे आगाऊ घ्या. ओवीनं मला बघितलं अन् दोन्ही हात पुढं केले, फळीवरून, अंगच टाकलं तिनं मह्याकडं. मी हात मागं बांधले. न्हाई म्हनले, अन् दार लावलं. रस्त्याच्या वळनालोक तिचं रडनं ऐकू यायलं होतं, अन् ते रडनं कशाचं हाय ते मला कळत होतं.

मालक म्हनले, कुशे, लेकराचं काय चुकलं? दोन दिवस जेवले न्हाईत मह्यासंगं. मी म्हनले लेकराचं काय चुकलं न्हाई, पन लेकरू एकटं येत न्हाई, मायबाप संगं घेऊन येतं.

आता सा लेकरं हायत, गेलेल्यातली दोन परत आली. करार मी समद्यांसंगं करते. ओवीला परभणीला आजीकडं ठिवलंय म्हनतेत, मॅडम शनवारी जाऊन भेटतेत. भेटू द्या. देवानं त्या लेकराला सुखात ठिवावं, लय शिकवावं, मह्यापेक्षा तिच्यावर जास्ती जीव लावनारं कोनी मिळावं. अन् थोर झाल्यावर एक दिवस तिनं मायला इचारावं, मी लहान असताना मला कोन सांभाळत होतं गं? एवढंच मागते मी. तव्हा मॅडमनं तिला काय सांगायचं ते सांगावं.