बाबांचा मिस्ड कॉल

हॅलो? … हॅलो, कोण?

नाझिम? … अरे, तू कसा काय फोन केलास? … नाही, कर की. बाबांच्या फोनवर तू कधी करत नाहीस ना, म्हणून विचारलं. … मी. हुरिया. … बेल्जियमला जाऊन बहिणीचा आवाज विसरलास होय रे?

बाबा? … आहेत ना. … झोपलेत. … हो, जरा दमले होते. … साडेसहाला झोपलेत, मग? माणसाला साडेसहाला झोप येऊ नये का?

तू कुठे आहेस? … स्टेडियमच्या बाहेर? गाडीत? … चालवतोयस? … नाझिम, चालवत बोलतोयस का ते आधी सांग. … उभी आहे ना? बरं. मग उभीच राहू दे. … काही नाही रे, असंच. तुमच्याकडे रस्ते निसरडे असतात.

होसीन आला का तिकडे? … आपला होसीन, आत्याचा मुलगा, फ्रान्समध्ये लीलला असतो तो. … सहज विचारलं. म्हणत होता नाझिमकडे चक्कर मारीन. … तीन वर्षांत आला नाही तो आज कसा येतोय, ते मला काय विचारतोस? आल्यावर त्यालाच विचार. … दुपारीच निघालाय तो. अजून नाही पोचला?

कसला आवाज? … बायका आहेत. … आपल्याच घरात. … अगं ती खुर्ची इकडे नको, जिन्यात ठेव… नाही, तुला नाही रे, शेजारच्या झकियाला सांगतेय. … खुर्च्या? … साखरपुडा आहे. … झकियाच्या मुलीचा. त्यांच्याकडे जागा नाही, म्हणून आपल्याकडे. … हो, आजच.

… म्हणजे काय, बायकांचे आनंदाचे युयु ऐकू येत नाहीत? करतील की. … मुलाकडचे यायचेत अजून. … नाझिम, साखरपुडा असला म्हणून बायका काय सकाळपासून जीभ हलवत युयु करत बसतात का? घसे आहेत ना त्यांना?

आई आत आहे. … नको, आत्ता नाही देत तिला फोन. जेवतेय. … कुसकुस. झकियानं केलाय. मीठच घातलं नाही बाईनं. एवढं मोठं भांडं भरून केलं आणि मीठ विसरली. मला तर खाताना कळलंही नाही, तीच रडायला लागली. … अरे, असतात काही जणी हळव्या. … आपल्याकडे का नाही केलं? … गॅस संपलाय.

खोटं कशाला बोलू?

हं? … हो, मगाशी रिंग दिली ना. मॅच संपल्यावर. … बाबांनीच. दुसरं कोण देणार? दर मॅचनंतर देतात, तू उचलायचा नाहीस, त्यांनी कापायचा. अकरा वर्षं बघतेय मी हा प्रकार. गच्चीत जातात, बटन दाबतात, झग्याच्या खिशात टाकतात, झालं. … हो. एकदा. … एकदाच दिली. मग?

… थांब. परत सांग.

… चांगला खेळलास तर एक. … आणि वाईट खेळलास तर दोन?

कधीपासून? … ट्यूनिसला गेलास तेव्हापासून. … नाही. मला नव्हतं माहीत. आईलाही नसेल. … मोजल्या नाहीत रे कधी. दार लोटून घ्यायचे ते गच्चीचं.

… हो, पेनल्टी. कळलं मला. गल्लीतला मुराद सांगून गेला. … तुझा हात लागला चेंडूला. पंचाऐंशीव्या मिनिटाला. हरलात. … हं. … आणि अशा मॅचला बाबा एक रिंग देणार नाहीत. … नाही. नाहीच देणार. राष्ट्रीय संघात तू त्या एका मॅचला नुसता बाकावर बसलास, तेव्हा गल्लीभर सांगत फिरले, माझा मुलगा देशासाठी खेळला. … आणि तुला त्या रात्री दोन दिल्या होत्या? … बसून राहिलास म्हणून? … हो. हो, तसेच आहेत ते.

… तसेच होते.

नाझिम, ऐक. … ऐक ना. गाडीची चावी काढ. … काढलीस? हातात धर. … होसीन येईपर्यंत मला थांबायचं होतं. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते, समोर आपलं माणूस लागतं, म्हणून त्याला पाठवलं. आता तो कुठे अडकलाय देव जाणे.

रिंग मी दिली. … बाबा गेले, नाझिम.

…

आहेस ना? … नाही बोललास तरी चालेल. नुसता फोन धरून ठेव.

…

पहाटे. फजरच्या नमाजाआधी हातपाय धुवायला गेले. नळ चालूच राहिला. आईला वाटलं, आज किती वेळ धुतायत. … नाही, काही बोलले नाहीत. कुणाचं नाव नाही घेतलं. … खोटं सांगू का? सांगते हवं तर. पण नाही घेतलं.

… झालं. … दफन झालं. आजच, दुपारी, अस्रच्या नमाजानंतर. … नाझिम, आपल्याकडे थांबतात का कुणासाठी? तुला माहीत आहे. आज विमानच नव्हतं, मुरादनं सगळं बघितलं. उद्या दुपारचं आहे, त्यात तुझं नाव टाकलंय.

ओरड. ओरडून घे. … हो, सगळ्यांना माहीत होतं. … सगळ्या गल्लीला. मुरादनं घरोघरी जाऊन सांगितलं, मॅच संपेपर्यंत कुणी फोनवर काही टाकायचं नाही, फोटो नाही, दुआ नाही, काही नाही. आणि कुणी टाकलं नाही. आपल्या गल्लीच्या पोटात कधी काही राहिलंय का? आज राहिलं.

… आईनं ठरवलं. … अरे, तिच्यावर नको चिडूस. ती म्हणाली, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठ महिने तो या मॅचची वाट बघतोय. सांगितलं तर पोचणार नाही, आणि खेळणारही नाही. बापही जाईल आणि मॅचही. … असेल. चुकलं असेल. चौतिसाव्या वर्षी तुला विचारायला हवं होतं, खरं आहे. … पण आज मला चूक काय नि बरोबर काय, काही कळत नाहीये.

… मी? नाही. नाही रडले. … वेळच मिळाला नाही असं सांगतेय सगळ्यांना. खरं सांगू? काहीच वाटत नाहीये मला. सकाळी हातावर कॉफी सांडली. उकळती. झकियानं हात धरून दाखवला तेव्हा कळलं, भाजलंय. त्या युयुचं तू म्हणालास ना, तेव्हासुद्धा मी विचार करत होते, खरंच, कुणी का करत नाहीये.

… अरे, मीही नव्हते तिथे. बायका जातात का दफनाला? दारापर्यंत. दारातून बघितलं. नंतर नुसत्या पुरुषांच्या पाठी. वळणावर तेही संपलं. … कबरस्तान इथून दहा मिनिटांवर आणि तू समुद्रापलीकडे, पण दोघंही सारखेच. तूही नव्हतास, मीही नव्हते. … उद्या सकाळी जाऊ आम्ही बायका. … तू येईपर्यंत थांबू? … आई थांबणार नाही. पण मी थांबते. मी परवा तुझ्याबरोबर जाईन.

सांगते. सगळं सांगते. … बंदरातले सगळे आले होते. ज्यांच्याशी बोलणं सोडलं होतं तेसुद्धा. अम्मारच्या कॅफेवरून नेलं. आत टीव्हीवर तुम्ही मैदानात पळत होतात, वॉर्मअप, आणि बाहेरून बाबा. अम्मारनं शटर ओढलं. … मग दफन करून परत आले सगळे, बुटांना चिखल तसाच, आणि त्यानं शटर उघडून पुन्हा टीव्ही लावला. आवाज बंद. मुराद म्हणाला, कॉफीसुद्धा कुणी मागवली नाही, नुसते बसले. बाबांची खुर्ची रिकामी ठेवली. पेनल्टी झाली तेव्हा कुणी शिवी दिली नाही. … हो ना. आपल्या लोकांनी. पेनल्टीला.

… रिंग? … मॅच संपली म्हणून मुराद सांगून गेला. मी म्हटलं, आता रिंग गेली नाही तर हा घाबरून फोन करेल, आणि होसीन तर अजून पोचला नाही. बाबांचा झगा खुंटीला होता. खिशात फोन, तो मागे चिकटपट्टी लावलेला. घेतला नि गच्चीत गेले. तुझ्या मजल्याच्या सळ्या आहेत ना वर निघालेल्या, तिथे उभी राहिले, ते राहायचे तशी. बटन दाबलं. एकदा वाजू दिलं, कापलं. … तू फोन करू नयेस म्हणून दिली रे. आणि त्यामुळेच केलास.

… नाही, मजल्याचं आत्ता नको बोलूस. सिमेंट तरी यायचंय. म्हणत होते, जूनमध्ये तो परत येईल, त्याआधी छत टाकू. … हो. जूनमध्ये ये. आई आहे ना इथे.

… कसला आवाज तो? काचेवर कुणी मारतंय? … बघ. … होसीन? … रडतोय? अरे देवा, त्याला सांगायला पाठवलं होतं. … उघड दार. आत घे त्याला, भिजेल. … जेवलास का काही? होसीनला म्हणावं आधी काहीतरी खायला घाल. आणि गाडी त्याला चालवू दे. ऐकलंस? गाडी त्याला चालवू दे.

ठेवते आता. फोनची एकच रेघ उरलीय, आणि बाबांचा चार्जर कुठे आहे कुणालाच माहीत नाही. … ते कुठे लावायचे कोण जाणे.

… काय? … काय देऊ?

… नको रे. … नाझिम, नको ना. आठ महिन्यांनी खेळलास, चेंडू लागला हाताला, आज तुला कोण बोल लावणार आहे? … नाही, त्यांनी लावला असता, मान्य आहे. … मान्य आहे म्हटलं ना. … खोटी आली, हो. मी दिलेली खोटी होती.

… बरं. … बरं, देते. रडू नकोस, देते. थांब, गच्चीत जाते. … जिन्यात खुर्च्या आहेत, सरकू दे. … अगं जरा वाट द्या. … हं. आले वर. … नाही, पाऊस नाही. बंदरातले दिवे लागलेत. … हो, सळ्यांपाशीच उभी आहे.

दोनदा वाजू द्यायचं नि कापायचं? … की एकदा देऊन, कापून, परत एकदा? … कापून परत. कळलं. … तू उचलायचा नाहीस. … हो, हो, माहीत आहे, आता माहीत आहे मला.

… मग ठेव. … ठेव ना. … मी नाही ठेवत आधी, तू ठेव. … नाझिम, तू ठेवल्याशिवाय तो वाजणार कसा?